कुकरची वाफ आपली आपण उतरू द्या : रोजच्या धबडग्यात थांबायचं कसं? (नाशिककरांसाठी, बाकीच्यांनीही यावं)

गोदाकाठ

निवांतपणाचा विषय निघाला की चर्चा थेट हिमालयात जाते. या धाग्यात तसं नको. सिडकोतला दोन खोल्यांचा फ्लॅट, घरात म्हातारी माणसं, सकाळी शाळेची रिक्षा, अंबड एमआयडीसीतली पाळी आणि कुंभमेळ्याच्या कामांचे खोदलेले रस्ते, हे सगळं जागच्या जागी धरून दिवसात थोडं थांबायचं तर प्रत्यक्ष काय करायचं, तेवढंच इथे लिहू या.

माझं म्हणणं एकच आहे. थांबण्यासाठी नवा वेळ काढायला गेलात की तो आठवड्याभरात हातचा जातो. पहाटे साडेचारचा गजर सोमवारी वाजतो, गुरुवारी पुढे ढकलला जातो आणि रविवारी बंद होतो. त्यापेक्षा दिवसात ज्या फटी आधीपासून आहेत त्या हेराव्यात आणि बुजवू नयेत.

सगळ्यात मोठी फट स्वयंपाकघरात असते. शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, की भरलेला पाच लिटरचा कुकर मोकळा व्हायला साधारण १० ते १५ मिनिटं लागतात. एरवी तेवढ्यात उलथन्याने शिट्टी उचलून वाफ सोडली जाते, डाळीचं पिवळं पाणी ओट्यावर उडतं, नाहीतर मोबाइल हातात येतो. त्याऐवजी ओट्यापासून दोन हात लांब स्टूल ठेवा आणि बसा. डोळे मिटायची गरज नाही. खाली घसरत जाणारा सूं आवाज ऐकायचा. आधी अखंड असतो, मग तुटक होतो, मग कुकर अधूनमधून टिक्‌टिक्‌ करतो, ते धातू निवण्याचे आवाज. शिट्टी किंचित उचलून फुस्स झालं नाही की उठायचं. यात घड्याळ लागत नाही.

बाकीच्या फटी: चहाचं आधण, नळाखाली भरणारी बादली, लिफ्ट, सिग्नल, आणि गाडी लावून किल्ली काढल्यानंतरची दोन मिनिटं. आठवड्याला एकच फट धरा. हात रिकामे, मोबाइल दुसऱ्या खोलीत. सगळ्या फटी एकदम धरल्या की तोही एक प्रकल्प होतो आणि प्रकल्पाचं जे होतं ते होतं.

उगाच_शंका

कुकरजवळ बसणं म्हणजे निवांतपणा? कान शिट्टीकडे, डोळे घड्याळाकडे. ती तर टांगती तलवार झाली.

गोदाकाठ

@उगाच_शंका, शिट्ट्या मोजताना बसायचं नाहीये. तेव्हा कान ताणलेलेच असतात, बरोबर आहे. गॅस बंद केल्यानंतर बसायचं. तिथून पुढे तुम्ही करण्यासारखं काहीच उरत नाही आणि घाई केली तर भात कच्चा निघतो. करण्यासारखं काही नाही आणि उठूनही फायदा नाही, अशा जागा घरात किती असतात?

पाटपाणी

धाग्याला +१. बसायचं कसं, हे नीट सांगायला हवं, कारण नव्वद टक्के लोक मन लागत नाही म्हणून उठत नाहीत, गुडघा दुखतो म्हणून उठतात. (नव्वद हा आकडा अंदाजाचा, वाद नको.)

जमिनीवर बसत असाल तर सोलापुरी चादर घडी घालून चार ते पाच बोटं उंच गादी करा आणि तिच्या पुढच्या काठावरच टेका, पूर्ण गादीवर चढून बसू नका. कंबर गुडघ्यांपेक्षा वर हवी. मांडी घातल्यावर गुडघे हवेत राहात असतील तर गादी अजून उंच करा किंवा गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवा. लोंबकळणारा गुडघा मांडीच्या आतल्या स्नायूला ओढत राहतो आणि सात-आठ मिनिटांत कंबर वाकते. कंबर वाकली की मान पुढे येते, मान पुढे आली की झोप.

पाय बधिर होणं ही दुसरी तक्रार. लोकांना वाटतं रक्त थांबलं. बहुतेक वेळा मज्जातंतूवर दाब आलेला असतो: कुल्ल्याखाली, नाहीतर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला. टाच मांडीखाली दाबू नका, एक पाय दुसऱ्याच्या पुढे मोकळा ठेवा. तरीही मुंग्या आल्या तर पाय लांब करून जाण परत येईपर्यंत थांबा आणि मगच उभे राहा. बधिर पायावर उभं राहिलं की घोटा मुरगळतो.

खुर्ची चालते. उत्तम चालते. बिनहाताची, बसल्यावर तळवे पूर्ण टेकतील इतक्या उंचीची. पाय अधांतरी असतील तर खाली पाट घ्या. पाठ टेकायची नसेल तर माकडहाडामागे टॉवेलची घडी ठेवा, कंबर आपोआप उभी राहते. मांडीवर छोटी उशी घेऊन तिच्यावर हात ठेवा, म्हणजे खांद्यांवर हातांचं ओझं येत नाही. ही उशी फार लोक विसरतात आणि मग खांदे भरून आल्याची तक्रार करतात.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी गुडघ्यात शिरते. बसण्याआधी शाल कमरेपासून खाली घ्या, खांद्यावर नको.

सोबतीण

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, वाटी बदललेल्यांनी खुर्चीच. आणि बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या ज्येष्ठांनी उठताना घाई करू नये. आधी हातापायांची बोटं हलवायची, मग पाठ, मग उभं राहायचं आणि खुर्चीला धरून दहा आकडे मोजायचे. एकदम उठल्यावर येणारी भोवळ ही ध्यानातली प्रगती नसते, एवढं आजोबांना सांगून ठेवा.

दीड_श्वास

बसल्यावर काय करायचं, ते लिहितो.

सुरुवातीला श्वास मोजणं सर्वांत सोपं. श्वास सोडताना एक, पुढचा सोडताना दोन, दहापर्यंत, आणि पुन्हा एकपासून. आकडा चुकला तर चुकला, पुन्हा एक. बावीस, तेवीस असे आकडे तोंडात सापडले तर समजायचं की मोजणी चालू होती आणि आपण बाजारात गेलो होतो.

वेग कमी करायचा असेल तर चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. बाहेरचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके उतरतात, आत घेताना किंचित वाढतात. मनगटावर बोट ठेवलंत तर हा चढउतार हाताला लागतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ निरोगी माणसांवरचा एक अभ्यास आला होता. लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हूं’ दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो असं त्यात आढळलं. आपल्या आज्या हातात माळ घेऊन काय करत होत्या त्याचा हा निदान अर्धा भाग.

आता हिशेब बघा. मिनिटाला सहा श्वास, १०८ मणी, म्हणजे बरोबर १८ मिनिटं. एका श्वासाला एक मणी ओढा, मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, बोटाला लागला की वेळ संपली. गजर नको, ॲप नको, एक डोळा उघडून घड्याळ बघणं नको. नाम घ्यायचं की नुसता श्वास, हे तुमच्या श्रद्धेवर सोपवतो. मणी दोघांनाही तेवढेच.

काय चुकतं तेही सांगतो. ‘दीर्घ श्वास घ्या’ असं सगळीकडे ऐकल्यामुळे लोक छाती फुगवून मोठाले श्वास ओढतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मग एकतर घाबरगुंडी उडते नाहीतर काहीतरी दिव्य घडल्यासारखं वाटतं. श्वास सावकाश हवा, मोठा नको. शेजारच्याला ऐकू आला तर तो मोठा आहे. दमा असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी श्वास रोखून धरण्याच्या भानगडीत पडू नये, आणि ४-६ ने धाप लागत असेल तर ३-४ वर यावं.

मोजूनमापून

१८ मिनिटं नवख्याला फार होतात. चौथ्या मिनिटाला ‘गॅस बंद केला होता का’ सुरू होतं. २७ मण्यांची छोटी माळ मिळते, ती साडेचार मिनिटांची. रामकुंडाकडे जाताना रस्त्यावर माळांची दुकानं आहेत, तिथे मिळून जाईल. पहिले पंधरा दिवस तेवढीच. मग दोनदा फिरवा.

माळ नको असेल तर उदबत्ती घ्या. पण उदबत्तीचा वेळ प्रत्येक जातीचा वेगळा असतो, आणि पंख्याखाली ती भरभर जळते. एक पूर्ण जाळून घड्याळ लावून बघा, मग पाहिजे तेवढ्या मिनिटांवर बोटाने तुकडा मोडून घ्या. बंद खोलीत नको, धुराने घसा धरतो आणि पुढची दहा मिनिटं खोकण्यात जातात.

तिसरी_पाळी

वाचतोय. पण वरचं सगळं सकाळी उठणाऱ्या माणसांसाठी आहे. सातपूर, अंबडला रात्रपाळी करणाऱ्यांनी काय करायचं? सकाळी सातला सुटायचं, साडेसातला घर, तेव्हा घरात कुकर, मिक्सर, टीव्ही सगळं एकदम. आणि प्रेसशॉपवाल्यांचा (पत्रा दाबणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांचा) आणखी एक प्रश्न: शांत बसलं की कानात गुंई असा आवाज येतो.

कानोसा

@तिसरी_पाळी, दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

आधी कान. दिवसभर मोठ्या आवाजात काम करणाऱ्याच्या कानात शांततेत गुंई किंवा शिट्टी येणं नेहमीचं आहे. आवाज तेव्हा सुरू झालेला नसतो, बाहेरचा गोंगाट थांबल्यावर कानाला लागतो इतकंच. अशा माणसाला ‘शांतता ऐका’ सांगणं म्हणजे चटका बसलेल्या बोटावर लक्ष ठेवायला सांगणं. त्याने पूर्ण शांत खोली शोधूच नये. पंखा चालू ठेवावा, डोळे अर्धे उघडे, आणि लक्ष आवाजाऐवजी हाताच्या तळव्यात ठेवावं. गुंई पाळी संपून दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत असेल तर कानाची तपासणी करून घ्यावी आणि कामावर इअरप्लग नीट आत बसवावेत. बोटांनी पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वरच्या बाजूला धरून वर-मागे ओढायचा, आत सारून अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता टोचून ठेवलेला प्लग अर्धंच काम करतो.

आता वेळ. रात्रपाळीनंतर घरी जाऊन बसायचं मनात आणू नका, घर तेव्हा तुमचं नसतंच. कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीवर बसण्याआधी पाच मिनिटं काढा. हेल्मेट हातात, पाय जमिनीवर, वीस-तीस श्वास. यात दुसरा फायदा आहे. रात्रभर जागलेला माणूस थेट गाडीवर बसला तर झोपेची पहिली डुलकी रस्त्यावर येते. पाच मिनिटांत डोळे मिटायला लागले तर ती खूण समजा. तोंडावर पाणी मारा, कुणाच्या मागे बसा, नाहीतर तिथेच पंधरा-वीस मिनिटं झोपा. घरी आल्यावर मात्र ध्यानबिन काही नाही. जाड पडदा आणि झोप.

घंटी_बंद

मोबाइलचा विषय कुणीतरी काढायला हवा होता. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा म्हणणं सोपं आहे, पण आई आजारी असेल, मुलगा क्लासवरून यायचा असेल, तर कान तिकडेच राहतात. मग ‘डू नॉट डिस्टर्ब’ नीट लावा.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये डू नॉट डिस्टर्ब उघडून कॉलना फक्त तारांकित संपर्कांपुरती परवानगी द्या. घरची तीन-चार माणसं, शाळा, सोसायटीचा वॉचमन, बस. खाली ‘पुन्हा कॉल करणारे’ असा पर्याय असतो, तो चालू ठेवा. त्याने एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर वाजतो. घरच्यांना सांगून ठेवा, खरंच तातडी असेल तर लागोपाठ दोनदा लावा. एवढं केलं की पोटातली धाकधूक जाते. मोबाइल गप्प असणं वेगळं आणि तो गप्प राहिला तरी काही बिघडणार नाही याची खात्री असणं वेगळं.

व्हॉट्सॲपचे सोसायटी, शाळा, नातेवाईक असले ग्रुप ‘नेहमीसाठी’ म्यूट करा. आठ तासांचं म्यूट कामाचं नाही, ते नेमकं संध्याकाळी उठतं. ज्या ग्रुपमध्ये गुड मॉर्निंगची फुलं येतात तो अर्काइव्हमध्ये टाका. कुणाला कळत नाही, कुणी रुसत नाही.

स्क्रीन काळी-पांढरी करण्याचा उपाय बराच सांगितला जातो. करून बघा, पण लाल ठिपके दिसेनासे होणं हा खरा फायदा आहे आणि तो नोटिफिकेशनचे बिल्ले बंद करूनही मिळतो. भाजीचा, औषधाच्या गोळ्यांचा फोटो बघायला रंग लागतात, म्हणून काळा-पांढरा पडदा दोन दिवसांत परत रंगीत होतो.

उगाच_शंका

दोन कॉलची युक्ती माहीत नव्हती. लावली. आमच्याकडून एवढी कबुली पुरे.

लेणीवाला

अवांतर वाटेल, पण विषयातलंच आहे.

पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी, तिथल्या १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, वर्ष ४२ चा. त्याने ३००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली: २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं २४०. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणं चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी. वीस बारे दोनशे चाळीस, आकडा चोख जुळतो. उरलेल्या हजाराचे ९० किरकोळ खर्चाला.

वर्षावास म्हणजे पावसाचे महिने भटकंती थांबवून एका जागी राहणं. हे दान त्या थांबण्यासाठीची तरतूद आहे. माणूस थांबला तर त्याच्या कपड्यांचं काय, किरकोळ खर्चाचं काय, याचा हिशेब आधी करून तो दगडात कोरून ठेवला. गोदाकाठ फटी शोधा म्हणतात ते ठीक आहे, पण मोठं थांबणं हवं असेल, आठ-दहा दिवसांचं, तर उषवदातासारखं आधी व्याज कुठून येणार ते बघावं लागतं. रजा, बदली माणूस, घरात डबा कोण करणार, हप्ता कोणत्या तारखेला.

लेण्यांवर बसायला जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी उघडल्या उघडल्या जा. लेणी डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला आहेत, आत उन्हाळ्यातही गारवा असतो. रविवारी नको, आत आवाज करून प्रतिध्वनी ऐकणाऱ्यांची रांग असते. पायऱ्या चढून आल्यावर लगेच बसू नका, धाप उतरेपर्यंत ओसरीत उभं राहून खालचा मुंबई-आग्रा रस्ता बघा. ट्रक दिसतात, आवाज येतो, पण भरवेगाचा वाटत नाही.

गोदाकाठ

@लेणीवाला, व्याजाचा मुद्दा मान्य. फटींचं आणि मुक्कामाचं गणित वेगळं आहे.

धम्मवाट

मोठ्या थांबण्याचा विषय निघालाच आहे तर इगतपुरीबद्दल. धम्मगिरीला १९७६ पासून सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली विपश्यना शिबिरं चालतात. त्यांबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, ती विश्रांतीची जागा आहे. दोन, तिथे गेलं की माणूस बदलून येतो.

दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, दिवसभरात दहा तासांच्या आसपास बसणं. आर्य मौन, म्हणजे बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, वाचन-लेखन नाही, मोबाइल जमा. पहिले तीन दिवस फक्त आनापान, नैसर्गिक श्वासाकडे बघणं. विपश्यना चौथ्या दिवशी शिकवतात. दुपारच्या जेवणानंतर नव्यांना संध्याकाळी पाचला चहा-फळं, जुन्यांना तेही नाही. मौन दहाव्या दिवशी सुटतं आणि अकराव्या दिवशी सकाळी घरी. पैसे घेत नाहीत, खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो. इगतपुरी लांब वाटत असेल तर नाशिकमध्येच धम्मनासिका आहे.

यात विश्रांती कुठे बसत नाही. पहिले तीन दिवस गुडघा, पाठ आणि कंटाळा. अर्ज भरताना मानसिक आजाराचा इतिहास, चालू गोळ्या विचारतात ते खरं लिहा. नैराश्याच्या ऐन भरात, घरातलं कुणी गेल्याच्या पहिल्या धक्क्यात, झोप अजिबात येत नसताना जाऊ नये. त्या अवस्थेत दहा तास स्वतःसोबत बसणं झेपत नाही, आधी डॉक्टर. मनोविकाराच्या गोळ्या शिबिरासाठी परस्पर बंद करणं ही सगळ्यात धोकादायक चूक.

दीड_श्वास यांना एक दुरुस्ती: आनापानात श्वास मोजत नाहीत, नाम जोडत नाहीत, लांब-आखूड करत नाहीत. जसा आहे तसा. ४-६ चा प्रकार प्राणायामाच्या जवळचा आहे. दोन्ही चांगले, पण एकाच बैठकीत कालवू नका.

दीड_श्वास

मान्य. सुरुवातीला मोजणं, मन बसलं की मोजणं सोडून देणं, असं म्हणायचं होतं. पण तुम्ही म्हणता तसा एका बैठकीला एकच नियम जास्त स्वच्छ.

अपडाउन

पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्यांसाठी. इगतपुरी ते कसारा घाटात बोगद्यांमुळे मोबाइलला रेंज धड नसते. ती वेळ रील लोड होण्याची वाट बघण्यात घालवू नका. आणि परतीला कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना मागून बँकर (चढावर ढकलणारी) इंजिनं लावतात, १:३७ चा चढ आहे. जोडताना मागून एक हलका धक्का येतो. तो धक्का लागेपर्यंत डोळे मिटून बसायचं. उभ्याने असाल तर एक हात दांडीला, वजन दोन्ही पायांवर सारखं, गुडघे ताठ नकोत.

गाडी चालवणाऱ्यांना: द्वारका, मुंबई नाका, जिथे अडकाल तिथे न्यूट्रल, जबडा सैल, खांदे खाली. साठ सेकंदांच्या सिग्नलमध्ये सहा श्वास बसतात. डोळे मिटायचे नाहीत हे सांगायला नको, तरी सांगतो.

पाणथळ

बसून राहायला सर्वांत चांगलं शिकवतात ते पक्षी. नांदूर मध्यमेश्वर, निफाड तालुका, नाशिकपासून सुमारे ४० किमी. गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यामुळे झालेलं पाणथळ, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आल्याचं २०२० साली जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडायच्या आत पोचायचं, चापडगावच्या बाजूच्या मनोऱ्यावर बसायचं.

पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही, कारण तुमच्या येण्याने सगळे आत सरकलेले असतात. इथेच लोक उठतात आणि पुढच्या मनोऱ्यावर जातात, तिथेही तेच. उठू नका. दुर्बीण गळ्यात राहू द्या, डोळ्याला लावू नका. हळूहळू पाणवनस्पतीतून जांभळी पाणकोंबडी बाहेर येते. लालभडक चोच, लांबच लांब बोटं, एका पायाने देठ धरून सोलून खाते. तिच्या शेपटीकडे लक्ष ठेवा. खाण्यात रमली असेल तर शेपटी गप्प असते. तुम्ही हललात, पाण्याची बाटली वाजली, जॅकेटची चेन ओढलीत, की शेपटीला झटके सुरू होतात आणि खालचं पांढरं लखलखतं. झटके थांबेपर्यंत जागच्या जागी थिजायचं. तासभर असं बसलात की आपण दर मिनिटाला किती हलतो ते समजतं. श्वासाकडे बघा सांगून जे जमत नाही ते पाणकोंबडी करून घेते.

मातकट कपडे, परफ्यूम नको, आणि कुरकुऱ्यांचं पाकीट तर मुळीच नको. थंडी कडक असते, निफाडचा पारा दरवर्षी बातमीत असतोच, तेव्हा कानटोपी घ्या.

चिमणचारा

मुलांना कसं बसवायचं, कुणी लिहिलं नाही. बसवू नका, ऐकायला लावा. काशाची वाटी तळहातावर सपाट ठेवा, बोटांनी कड धरू नका, नाद तिथेच मरतो. लाटण्याच्या टोकाने कडेला हलकं ठोका. आवाज पूर्ण विरला की हात वर करायचा, एवढाच खेळ. स्टीलची वाटी चटकन गप्प होते, काशाची बराच वेळ चालते. मुलं लबाडी करतात, उशिरा हात वर करून ‘मला अजून येतोय’ म्हणतात. करू द्या, त्यासाठी कान द्यावाच लागतो. पाच वेळा, मग खेळ संपला. सहाव्यांदा वाटी ड्रम होते.

ओटा_ते_ओटा

सगळं वाचलं. माळ, पाट, पाणकोंबडी सगळं छान. पण घरातल्या बाईला पाच मिनिटं बसलेलं पाहिलं की घराला कामं आठवतात. ‘बसलीच आहेस तर जरा…’ याच्यावर बोला. ‘समजावून सांगा’ हा उपाय नाही. समजावण्यात बसण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

उपयोगी पडतं ते असं. वेळ घड्याळाची सांगायची: ‘सहा चाळीस ते सात’. ‘थोडा वेळ’ म्हटलं की तो सगळ्यांचा होतो. एक खूण ठरवायची, दाराच्या कडीला अडकवलेला लाल रुमाल, किंवा पाट मांडलेला. रुमाल आहे तोवर पाणी, चार्जर, मोजे यांच्या चौकशा बंद. पहिला आठवडा लोक दाराबाहेरून विचारतात. उत्तर द्यायचं नाही, ‘हो’सुद्धा नाही. एकदा दिलं की रुमालाची किंमत गेली. दुसरं, बसण्याआधी पाण्याच्या बाटल्या भरून आणि चार्जर जागेवर ठेवून द्या, निम्म्या हाका तिथेच मरतात. आणि ती वेळ कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला द्या: सहा चाळीस ते सात दार उघडणं, दूध घेणं नवऱ्याकडे. लेणीवाल्यांच्या भाषेत, व्याज कुठून येणार ते ठरवा.

सोबतीण

रुमाल फार आवडला. सुनेलाही एक द्यावा आणि सासूलाही. वेळा वेगळ्या.

उगाच_शंका

शेवटची शंका. तीन लिटरचा कुकर आहे, दोघंच माणसं. आमची वाफ सात मिनिटांत जाते. मग?

गोदाकाठ

@उगाच_शंका, तीन लिटरला तेवढंच. आधी गॅस्केट तपासा मात्र. झाकणाच्या कडेने ओघळ येत असतील किंवा पहिली शिट्टी व्हायला फार वेळ लागत असेल तर रबर सैल झालंय, वाफ आधीपासूनच निसटतेय. रबर फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवून काही दिवस चालवता येतं, पण बदलायला झालंय हे नक्की. रविवार कारंजा, मेन रोडला भांड्यांच्या दुकानात मिळेल. जाताना जुनं रबर सोबत न्या, कंपनी आणि लिटर दोन्ही जुळावे लागतात. तोवर दोघांसाठी वरण लावाल तेव्हा भातही त्यातच वेगळ्या डब्यात लावा. ऐवज वाढला की निवायला दोन-तीन मिनिटं जास्त घेतो.